आधी शांतता बांधा: शूटर गेमची पहिली लेव्हल करणाऱ्यांसाठी

शूटर गेमची पहिली लेव्हल करायला बसलेला माणूस सगळ्यात आधी शत्रू ठेवतो. मीही ठेवले होते, चांगले 41.

मी दिवसा इंदूरमधल्या एका ऑफिसात घरांचे नकाशे काढते, त्यामुळे माझ्या लेव्हलचा नकाशा मोठ्या झोकात काढला होता. जुन्या इंदुरात शोभेल असा दोन चौकी वाडा: दिंडी दरवाजा, ओसरी, पुढचा चौक, माजघर, देवघर, मागचा चौक, परसदार. माजघराच्या भिंतीवर घर सोडून गेलेल्या सुनेची चिठ्ठी. अख्खी गोष्ट त्या चिठ्ठीत होती. रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर भाच्याला खुर्चीत बसवलं. चार मिनिटांत त्याने 41 च्या 41 लोळवले, परसदारातून बाहेर पडला आणि म्हणाला, "भारी आहे मावशी. पण हे लोक कोण होते?"

"चिठ्ठी नाही वाचलीस?"

"कुठली चिठ्ठी?"

त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. चिठ्ठीच्या खोलीतच मी करवत आणि बॉम्बवाला ऑगर नावाचा राक्षस उभा केला होता. अंगावर बॉम्ब येत असताना भिंतीवरचं कोण वाचतं? शूटरमध्ये गोष्ट गोळीबार चालू असताना पोचत नाही. ती दोन गोळीबारांच्या मधल्या जागेत पोचते. आणि ती जागा उरलीसुरली म्हणून ठेवून चालत नाही, आधी तीच आखावी लागते. पुढचं सगळं त्यासाठी.

काय लागेल

फार काही नाही. मी 1996 सालचा क्वेक हा शूटर गेम आणि त्याच्या लेव्हल बांधायचा ट्रेंचब्रूम नावाचा फुकट एडिटर वापरते. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतो, आणि घरातला जुना लॅपटॉपही कुरकुरत नाही. गोडो किंवा अनरियल ही गेम बनवायची मोठी इंजिनं पुढे शिका, ना नाही. पण तिथे पहिले दोन महिने बंदूक हातात नीट धरवण्यात जातात. क्वेकमध्ये बंदूक, शत्रू, दार, लिफ्ट सगळं तयार असतं. तुम्ही फक्त जागा आणि वेळ सांभाळायची. शिवाय त्याचे आकडे लहान आणि सगळ्यांना माहीत आहेत, म्हणजे कागदावर हिशोब मांडता येतो.

एक वही, चौकटीच्या कागदाची. दोन रंगांची पेनं. मोबाईलमधलं स्टॉपवॉच.

पहिलं काम: इथे काय घडून गेलं?

"इथे काय घडणार आहे" हे लिहू नका. ते प्लेयर ठरवतो: गोळ्या घालणार आहे तो. "प्लेयर यायच्या आधी इथे काय घडून गेलं" हे एका वाक्यात लिहा. माझं वाक्य: घरातले जेवता जेवता उठून गेले, पण एक जण मागे राहिला.

एका वाक्यात बसत नसेल तर ती गोष्ट पहिल्या लेव्हलची नाही. मुलूख, घराणं, तीन पिढ्यांचं वैर वगैरे पुढच्यासाठी राखून ठेवा.

आता या वाक्याला हात-पाय द्यायचे ते वस्तूंमधून. लिहिण्यातून का नाही, हे मला चिठ्ठीने शिकवलं होतंच, पण क्वेकने आणखी दोन चपराका दिल्या. एक, क्वेकच्या मूळ अक्षरांत देवनागरी नाही. मी चिठ्ठीचं चित्र करून ते टेक्स्चर म्हणून भिंतीला लावलं. त्याचीही अट अशी की लांबी-रुंदी 16 च्या पटीत आणि रंग ठरलेल्या 256 मधलेच. माझा पिवळसर कागद शेणाच्या रंगाचा झाला. दोन, पडद्याच्या मध्यावर संदेश दाखवायची सोय आहे, पण तो साधारण 2 सेकंदांत निघून जातो. दोन सेकंदांत "दार बंद आहे" वाचून होतं. सुनेचं दुःख होत नाही.

म्हणून चिठ्ठी काढली आणि तिथे तीन पाट मांडले, तीन ताटं. दोन वाढलेली तशीच. तिसरं जेवून रिकामं. क्वेकमध्ये ताट म्हणजे चपटा ठोकळा आणि भाताची मूद म्हणजे पांढरा छोटा ठोकळा. पण वाढलेलं ताट आणि जेवलेलं ताट यातला फरक मराठी घरात वाढलेल्याला ठोकळ्यांतही कळतो.

दुसरं काम: वेळेची पट्टी

वहीत आडवी पट्टी आखा. एक चौकट म्हणजे 5 सेकंद. पहिल्या लेव्हलला 8 मिनिटं पुरे, म्हणजे 96 चौकटी. लाल म्हणजे गोळीबार, निळं म्हणजे शांतता. आणि निळं आधी भरा. लाल भरायचा मोह होईलच, तेव्हा लाल पेन सरळ दुसऱ्या खोलीत ठेवून या.

हे मला समजलं ते गेममधून नाही, अनंत चतुर्दशीला. इंदुरात त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात आणि बघायला लोक रस्त्याच्या कडेला तासन् तास उभे असतात. एक झांकी येते, दिवे, फिरती चित्रं, सगळे माना वर करून बघतात. मग ती पुढे जाते आणि थोडं अंतर पडतं. मध्ये आखाड्याची मुलं पट्टा फिरवत जातात, कोणी शेंगदाण्याची पुडी सोडतं, आणि त्या अंतरात सगळे मागच्या झांकीबद्दल बोलतात: "तो रावण पाहिलास? दहाव्या तोंडाचे डोळे हलत होते." झांक्या एकमेकींना चिकटून आल्या असत्या तर रावणाचे डोळे कोणाच्या लक्षातही राहिले नसते.

हाच हिशोब 2008 च्या लेफ्ट फोर डेड या गेममध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या लोकांनी यंत्रावर सोपवला. त्यात डिरेक्टर नावाची व्यवस्था आहे. चारही खेळाडू किती ताणात आहेत हे ती मोजत राहते: किती मार बसला, शत्रू किती जवळ आले. ताण शिगेला पोचला की काही सेकंद तिथेच ठेवते आणि मग गर्दी सोडणं बंद करते, साधारण 30 ते 45 सेकंद. खेळाडूंना वाटतं, सुटलो एकदाचे. खरं तर त्यांना मोकळं सोडलेलं असतं. आपल्याकडे असं यंत्र नाही, पण आकडा उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. मोठ्या लढाईनंतर सहा ते नऊ चौकटी निळ्या ठेवा.

नवशिक्यांची पट्टी बहुतेक वेळा अशी दिसते: लाल, लाल, लाल, एक निळी, लाल, शेवटी बॉस, म्हणजे सगळ्यात तगडा शत्रू. बॉससाठी एकदम गडद लाल. त्यांना वाटतं, शेवट चढाच पाहिजे. पण सतत चढच असेल तर तो चढ आहे हे कळणार कशावरून?

तिसरं काम: पट्टीचे युनिट करा

ही पायरी लोक गाळतात आणि मग रडतात.

युनिट म्हणजे क्वेकचं अंतराचं माप. क्वेकमधला प्लेयर सेकंदाला 320 युनिट पळतो आणि 56 युनिट उंच असतो. उभा माणूस म्हणून तेवढे धरले तर हा गडी 100 मीटर साडेदहा सेकंदांच्या आत कापतो. उसेन बोल्टच्या 9.58 सेकंदांच्या फार मागे नाही, तेही अंगावर चिलखत आणि पाठीवर आठ हत्यारं घेऊन. त्यामुळे घराचा नकाशा काढणाऱ्याचं सगळं अंतरज्ञान इथे फसतं. मी खऱ्या वाड्याच्या मापाने माजघर केलं होतं. भाचा ते दीड सेकंदात ओलांडून गेला.

आता समजा, तुम्हाला 20 सेकंदांचा आवाज ऐकवायचा आहे. 2007 च्या बायोशॉकमध्ये अशा ध्वनिमुद्रित डायऱ्या ठिकठिकाणी पडलेल्या असतात. उचलायच्या आणि चालता चालता ऐकायच्या. कल्पना सुंदर, म्हणून प्रत्येक नवशिका ती उचलतो. पण 20 सेकंद गुणिले 320 म्हणजे 6400 युनिट. माणसाच्या उंचीच्या मापाने जवळजवळ 200 मीटरचा रिकामा बोळ! इतका बोळ कोणी बांधत नाही, म्हणून डायरी अर्धी झाली की पुढच्या खोलीतला शत्रू भुंकायला लागतो आणि बोलणं वाया जातं.

यावर दोनच उपाय मला ठाऊक आहेत. बोलणं 6 सेकंदांवर आणा. नाहीतर त्या खोलीत हाताला काम द्या: कोनाड्यातल्या गोळ्या, जिन्याखालचं चिलखत, एखादं दार जे उघडायला वेळ घेतं. लिफ्ट तर उत्तमच. ती तिच्या गतीने वर जाते, प्लेयर फक्त बघू शकतो, आणि आपण ठरवू तेच बघतो.

1998 च्या हाफ-लाइफची सुरुवात ही अशी लांबलचक लिफ्टच आहे, आडवी जाणारी. गॉर्डन फ्रीमन नावाचा शास्त्रज्ञ ट्रामने कामावर निघालाय. काही मिनिटं हातात एकही हत्यार नाही. डब्यात फिरता येतं, मान वळवता येते, बस. बाहेर यंत्रमानव काहीतरी उचलतायत, रक्षक दारावर उभा आहे, खोल खड्ड्यांवरून ट्राम जातेय. ध्वनिक्षेपकावरच्या सूचना सोडल्या तर कोणी काही सांगत नाही, पण ही जागा किती मोठी आणि किती गुप्त आहे ते अंगात भिनतं. पुढे प्रयोगात घोटाळा होतो आणि त्याच जागेची वाताहत होते, तेव्हा आपल्याला ती लागते. कारण आपण तिथे कामावर गेलो होतो. त्या काळी शूटर म्हटलं की पहिल्याच सेकंदाला पिस्तूल आणि समोर राक्षस.

आपल्या पहिल्या लेव्हलला ट्राम नको. पण पहिल्या 20 सेकंदांत शत्रू नको, एवढं पाळा. माझ्या वाड्यात आता दिंडी दरवाज्यातून आत आलं की दोन वळणांचा अंधारा बोळ आहे आणि आतून काढलेला अडसर जमिनीवर पडलाय. खऱ्या दिंडीतून वाकून आत जावं लागतं. क्वेकमध्ये वाकायची सोय नाही, म्हणून मी छत खाली आणलं. परिणाम बराचसा तोच.

चौथं काम: लढाईलाही वेळ असतो, तो मोजा

निळं भरून झालं, आता लाल पेन घेऊन या.

शत्रू किती ठेवायचे हा प्रश्नच चुकीचा आहे. तो मारायला किती सेकंद लागतात हे विचारा. क्वेकच्या साध्या शॉटगनमधून 6 छर्रे सुटतात, प्रत्येकाचा मार 4, म्हणजे पूर्ण नेम बसला तर 24. साध्या सैनिकाची हेल्थ, म्हणजे मार सोसायची ताकद, 30. दोन गोळ्या, एक सेकंद, संपलं. ऑगरची हेल्थ 200. त्याला नऊ लागतात, तेही सगळे छर्रे बसले तर, आणि तो लांबून बॉम्ब टाकत असताना सगळे बसत नाहीतच. म्हणजे एक ऑगर दहा-बारा सेकंद सहज खातो. पण त्याच्या आधीच्या खोलीत डबल-बॅरल शॉटगन ठेवली तर? 14 छर्रे, एका बारात 56. चार बारांत ऑगर आडवा.

ऑगर तोच, जागा तीच. फक्त बंदूक अलीकडे ठेवली की पलीकडे, यावर ती लढाई थरारक होते की कंटाळवाणी हे ठरतं. लढाई लांबवायची म्हणून शत्रूची संख्या वाढवत बसू नका, आधी बंदुकीची जागा हलवून बघा.

आणखी एक. पुढच्या चौकात सहा सैनिक एकदम अंगावर सोडले तर तो गोंधळ होतो. दोन चौकात, दोन वरच्या सज्जात, आणि पहिले दोन पडले की ट्रिगरने उरलेले दोन आणा. ट्रिगर म्हणजे न दिसणारी पेटी किंवा मोजणी. प्लेयर तिला शिवला किंवा मोजणी पुरी झाली की काहीतरी घडतं. क्वेकचे जुने लोक राक्षसाला नकाशाबाहेरच्या बंद डब्यात ठेवतात आणि ट्रिगर लागला की टेलिपोर्ट करून आणतात. फसवणूक आहे, पण चालते. मात्र प्लेयरच्या पाठीमागे, त्यानेच झाडून रिकाम्या केलेल्या खोलीत, तीनदा आणू नका. एकदा केलंत तर तो घाबरतो. तिसऱ्यांदा केलंत तर तो तुमच्यावर चिडतो.

पाचवं काम: आधी दाखवा, मग विचारा

2004 च्या हाफ-लाइफ 2 मध्ये रेव्हनहोम नावाचं ओसाड गाव आहे. त्याच्या आधी तुम्हाला वस्तू खेचून फेकणारी ग्रॅव्हिटी गन मिळते आणि डॉग नावाच्या यंत्राबरोबर चेंडू झेलाझेली खेळता खेळता ती शिकता. अगदी पोरखेळ. मग रेव्हनहोम. शिरल्या शिरल्या एक झोंबी दिसतो, कमरेपासून अर्धा कापलेला, आणि शेजारी भिंतीत रुतलेली करवतीची पाती. तुम्ही साहजिकच पाती गनने खेचता आणि त्याच क्षणी समोरून दुसरा झोंबी येतो. काय करायचं हे कोणी सांगितलं नाही. पण तुम्हाला कळलेलं असतं.

इथे शिकवणं आणि गोष्ट हे एकच झालंय: तो अर्धा झोंबी म्हणजे धडाही आहे आणि इथे तुमच्या आधी कोणीतरी लढून गेल्याची खूणही. हे जमलं की समजा बरंच जमलं. मला अजून नीट जमत नाही. माझ्या ओसरीतला धडा एवढाच की दारामागून एक एकटा सैनिक पाठमोरा दिसतो, म्हणजे प्लेयरला पहिली गोळी शांतपणे झाडता येते.

सहावं, थोडक्यात: तेच पुन्हा, पण तसंच नको

2001 च्या हेलो या गेमबद्दल जेमी ग्रीझमर या डिझायनरचं 30 सेकंदांच्या मजेचं बोलणं सगळीकडे फिरतं. लोक अर्थ काढतात, एक चांगली लढाई बनवा आणि तीच परत परत द्या. त्याचा मुद्दा उलट होता: ते 30 सेकंद दर वेळी वेगळ्या जागेत, वेगळ्या हत्याराने, वेगळ्या शत्रूंच्या जोडीने यायला हवेत. आपल्या भाषेत सांगायचं तर चीज तीच, पण प्रत्येक आवर्तनाला नवा बोल. वाड्याचे दोन चौक असतील तर पहिल्यात शत्रू वर आणि तुम्ही खाली. दुसऱ्यात उलट करा. जिना एकच, कष्ट निम्मे.

उजेडाचंही इथेच सांगून टाकते. माणूस उजेडाकडे जातो. पुढचं दार उजळ ठेवा, बाकी अंधार. आणि एक उंच खूण लेव्हलभर दिसत राहू द्या. हाफ-लाइफ 2 मध्ये ते काम सिटाडेलचा मनोरा करतो. आमच्याकडे राजवाड्याच्या चौकात ते काम सात मजल्यांचा दरवाजा करतो, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. हरवलेला माणूस मान वर करून बघतो आणि वाटेला लागतो.

सातवं: हात बांधू नका

गोष्ट सांगायची म्हणून प्लेयरचे हात बांधून कटसीन, म्हणजे नुसतं बघायचं सिनेमासारखं दृश्य, दाखवायची खुमखुमी सगळ्यांना येते. त्याआधी 2007 चा कॉल ऑफ ड्यूटी 4 बघा. अणुस्फोटानंतर पडलेल्या हेलिकॉप्टरमधून तुम्ही बाहेर येता. बंदूक नाही. शत्रू नाही. फक्त लंगडत, पडत, सरपटत चार पावलं टाकता येतात, आणि मग तो सैनिक मरतो. जिंकण्याची काही सोयच नाही. पण ती चार पावलं तुम्ही स्वतः टाकता, बटण तुम्ही दाबता. तेच दृश्य कटसीनमध्ये असतं तर लोकांनी तेवढ्यात मोबाईल बघितला असता.

आठवं: टेस्ट करा, तोंड बंद ठेवून

माझ्या मते सगळ्यात कठीण पायरी हीच. समोरचा खेळत असताना "अरे तिकडे बघ" म्हणायचं नाही. उसासाही टाकायचा नाही. तुमची लेव्हल कोणी डाउनलोड करेल तेव्हा तुम्ही त्याच्या खुर्चीमागे उभे नसणार. मी तोंडात बडीशेप धरून बसते.

वहीत चार गोष्टी लिहा: कुठे थांबला, कुठे परत फिरला, कुठे मेला, आणि प्रत्येक निळ्या पट्टीत खरोखर किती सेकंद होता. ठरवलेल्या आणि खऱ्या सेकंदांत फरक पडतोच. माझ्या माजघराला मी 30 लिहिले होते. दुसऱ्या टेस्टला भाचा 3 सेकंदांत बाहेर. ताटांकडे ढुंकूनही बघितलं नाही, कारण समोरचं दार सताड उघडं आणि पलीकडे शत्रू दिसत होता. तिसऱ्या टेस्टला मी ते दार बंद करून त्याची किल्ली देवघरात ठेवली आणि समई पेटती ठेवली. आता माजघर ओलांडून देवघरात जायचं आणि पुन्हा माजघरातूनच परत यायचं. ताटं जाताना एकदा, येताना एकदा दिसणारच. 9 सेकंद झाले. किल्ली घेतली, पळाला.

मग मी ऑगर परसदारात हलवला आणि माजघरातले उरलेले दोन सैनिकही काढले. आता 41 चे 23 राहिले होते.

चौथ्या टेस्टच्या वेळी शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्या गेम कधी बघत नाहीत; मुलांचे डोळे जातात याने, असं त्यांचं ठाम मत आहे. भाच्याच्या खुर्चीमागे वाटी हातात घेऊन उभ्या राहिल्या. तो देवघरातून किल्ली घेऊन परत माजघरात आला, दाराकडे वळला.

"अरे थांब रे जरा," काकू म्हणाल्या. "दोघं भरल्या ताटावरून उठून गेली. मग तिसऱ्याने जेवून कसं घेतलं?"

भाच्याने माउस मागे फिरवला. ताटांसमोर उभा राहिला. मग खाली बघून तिसऱ्या पाटाच्या भोवती एक फेरी मारली आणि बंदूक बदलून डबल-बॅरल घेतली, समोर कोणीही नसताना.

मी बडीशेप गिळली आणि वहीत लिहिलं: माजघर, 26 सेकंद.